मिठाच्या गोण्या आणि तुझी कादंबरी

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

तुझी पहिली तीन प्रकरणं दोनदा वाचली. देवगिरी, १२९६, अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडलेला किल्ला आणि आत एका कोठाराच्या राखणदाराचं प्रेत. जागा झकास निवडली आहेस. खोट काढायची तर ती दुसऱ्याच पानावर सापडते. तुझा कारकून मिरचीचा ठेचा खातो आणि तोंड पुसत म्हणतो, "खून झालाय, तपास करायला हवा."

मिरचीचं हसण्यावारी नेतो, कारण माझ्या पहिल्या कथेत यादवांच्या काळातला एक गावप्रमुख आरामात तंबाखू मळत बसला होता. छापून आल्यावर एका अनोळखी वाचकाचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती : "तंबाखू पोर्तुगीजांनी आणली, तुमच्या नायकाला कुठून मिळाली?" तेव्हापासून मी पात्रांच्या पानातलं आधी तपासतो. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, पेरू हे सगळं नंतरचं. तुझ्या माणसांना मिरी दे, ज्वारीची भाकरी दे, ताक दे. भागेल त्यांचं.

'खून' मात्र हसण्यावारी नेता येत नाही. खून, गुन्हा, फिर्याद, जबानी, कैद, हवालदार हे आपल्या रहस्यकथेचं रोजचं भांडवल, आणि ते सगळं फारसी-अरबीतून आलेलं. देवगिरीच्या यादव राजाच्या, रामदेवरावाच्या दरबारात हे शब्द नव्हते. पण म्हणून काही तेराव्या शतकातली मराठी लिहायला बसू नकोस, ती कोणी वाचणार नाही. निवेदन आजच्या भाषेत राहू दे. फक्त पात्र तोंड उघडेल तेव्हा 'घात झाला', 'साक्ष दे', 'निवाडा होईल' एवढ्यावर भागव. कान तयार करायचा असेल तर म्हाइंभटांचं लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणी, रोज दोन पानं मोठ्याने वाच. तुटक, लहान वाक्यं आहेत त्यात. माणसं बोलतात, खातात, वाटेला लागतात. त्या काळातली इतकी चालती-बोलती माणसं दुसरीकडे शोधून सापडणार नाहीत.

आता मुख्य तक्रार. तुझा कारकून विचार करतो लंडनच्या गुप्तहेरासारखा. जमिनीवर पालथा पडून धुळीचे कण बघतो आणि सगळ्यांना एका दालनात जमवून उलगडा सांगतो. त्याला धोतर नेसवलंस म्हणून तो यादवकाळातला होत नाही. त्या काळाजवळ शोध घ्यायची स्वतःची रीत होती आणि ती तुझ्या कारकुनाच्या रीतीपेक्षा जास्त रंगतदार आहे.

याज्ञवल्क्यस्मृती या जुन्या धर्मशास्त्रग्रंथातला व्यवहाराध्याय, म्हणजे न्यायनिवाड्याचा भाग, उघड. त्यावरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका यादवांच्या आधीच्या, कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली गेली, म्हणजे हे ज्ञान तुझ्या माणसांच्या हाताशी होतं. मारेकरी कळत नसेल तर काय करावं, ते तिथे सरळ सांगितलं आहे. मेलेल्याच्या मुलांना आणि नातलगांना विचारा, कोणाशी भांडण होतं का. बाई, पैसा किंवा पोटापाण्याचा धंदा, यातलं कशाच्या मागे होता? कोणाबरोबर निघाला होता? आणि मेला त्या जागेजवळच्या लोकांना विचारा, 'शनैः', हळूहळू. या एका शब्दावर तुझा नायक उभा राहू शकतो. दरडावणारा नको, जवळ बसून ताक मागणारा कर.

तिथेच 'चौरोद्धर्ता' आहे, चोर हुडकण्याची जबाबदारी असलेला अधिकारी. पावलांचे ठसे ज्या गावाच्या शिवेत जातात, त्या गावाने भरपाई द्यायची, असाही नियम आहे. म्हणजे ठसा पुसण्यात सगळ्या गावाचा स्वार्थ! तुझा साक्षीदार खोटं बोलतो तो कोणाच्या तरी प्रेमाखातर. त्यापेक्षा गावावर भुर्दंड बसू नये म्हणून बोलला तर मला जास्त पटेल. प्रमाणं तीन : लिखित, भुक्ती म्हणजे वहिवाट, आणि साक्षी. ती नसतील तर दिव्य, म्हणजे खरं-खोटं ठरवायला देवावर सोपवलेली परीक्षा. तुळा, अग्नी, पाणी, विष, आणि कोश म्हणजे देवाच्या स्नानाचं पाणी पिणं. दिव्याचा प्रसंग लिहिलास तर त्याची टिंगल करू नकोस. ते करणारी माणसं त्यावर विश्वास ठेवून घाबरत होती, आणि ती भीती नायकाला वापरता येते.

प्रेताचंही बघ. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चितेवर जाणार. तुझा कारकून चौथ्या दिवशी जखमेची खोली मोजतो, ते कशाची मोजतो? हाताशी काही घटका आहेत, तेवढ्यात बघून घेऊ दे त्याला.

आणि शेवटी मिठाचं. इतिहासकार फरिश्त्याने तीनशे वर्षांनी लिहून ठेवलेली हकीकत तुला माहीतच आहे. सैन्य येतंय म्हणून कोकणातले व्यापारी गोण्या टाकून पळाले, किल्ल्यावरच्यांनी त्या धान्य समजून वर नेल्या, आणि ऐन वेढ्यात उघडल्या तर आत मीठ. रामदेवरावाला नमावं लागलं. तू हे प्रस्तावनेत एका परिच्छेदात उरकून मग एक काल्पनिक रत्नहार चोरीला लावलास. अगं, रत्नहार कशाला? गोण्या आहेत की!

विचार कर. बैलाच्या पाठीला सोसेल तेवढंच वजन भरायचं, आणि मीठ ज्वारीपेक्षा जड. म्हणजे मिठाची गोणी धान्याच्या गोणीइतकी फुगत नाही. दमट हवेत तिला पाणी सुटतं, ताग ओला लागतो, ओझं वाहणाऱ्याच्या घामेजल्या मानेला चुरचुरतं. गोण्या चढवणाऱ्या शेकडो माणसांतल्या एकालाही हे कळलं नसेल? मला ते अशक्य वाटतं. कोणाला तरी कळलं. मग तो बोलला का नाही? की बोलला, आणि ज्याला सांगितलं तो राखणदार दुसऱ्या दिवशी मेलेला सापडला? हा माझा तर्क, फरिश्त्याच्या हकीकतीत नाही. पण तुझं प्रेत तिथे कशासाठी पडलं आहे, याला निदान एक कारण मिळतं.

गुप्त लिपीचं प्रकरण काढून टाक. महानुभाव पंथाची सकळ ही सांकेतिक लिपी सुरेख आहे, मोहात पडण्यासारखी आहे, पण ती यादव बुडाल्यानंतरची. दुसऱ्या कादंबरीसाठी ठेव.

चौथं प्रकरण लिहिण्याआधी एक काम कर. जवळच्या बाजार समितीत पहाटे जा. तिथल्या माथाडींना विचारून एक पोतं ज्वारीचं आणि एक मिठाचं पाठीवर घेऊन बघ, दहा पावलं चाल. कंबर सांभाळून. मग मान कुठे चुरचुरली ते मला लिहून पाठव, प्रकरण नंतर पाठवलंस तरी चालेल.

तुझा,
काका