वलय पडलं, पण साखर कुठे गेली?

प्रश्न : शेणातून वेगळ्या केलेल्या बॅसिलस जिवाणूने सीएमसी (कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज) आगरवर काँगो रेड हा रंग टाकल्यावर छान वलय दाखवलं, म्हणजे तिथलं सेल्युलोज तुटलं. मात्र त्याच्या गाळलेल्या द्रवात बगॅस (उसाची चिपाडं) तीन दिवस ठेवूनही साखर जवळपास शून्य. इथेनॉलपर्यंत जायचं कसं?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : वलय खरंच आहे, फक्त ते फार थोडं सांगतं. सीएमसी हे पाण्यात विरघळणारं, मोकळं सेल्युलोज. साखळी मधूनच तोडणारं एंडोग्लुकानेज एकटं असलं तरी वलय पडतं. बगॅसमधलं सेल्युलोज स्फटिकासारखं घट्ट असतं. तिथे टोकापासून सोलत जाणारं एक्सोग्लुकानेजही लागतं, आणि बऱ्याच बॅसिलसांकडे ते नसतं.

म्हणून आधी फिल्टर पेपर चाचणी करा; कागद म्हणजे न विरघळणारं सेल्युलोज. व्हॉटमन क्रमांक 1 ची 1×6 सेंमी पट्टी (सुमारे 50 मिलिग्रॅम), 1 मिलि बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), 0.5 मिलि एन्झाइम, 50 अंशांवर 60 मिनिटं. मग 3 मिलि डीएनएस (साखरेशी रंग देणारं द्रावण) घालून 5 मिनिटं उकळा आणि 540 नॅनोमीटरवर रंग मोजा. पुस्तकातला 4.8 पीएचचा सायट्रेट बफर ट्रायकोडर्मा बुरशीच्या एन्झाइमसाठी आहे. तुमच्या बॅसिलसला बहुधा 7 च्या आसपासचा फॉस्फेट मानवेल. पट्टीशिवाय एन्झाइमची एक नळी हवीच, नाहीतर माध्यमातली उरलेली साखर तुम्ही स्वतःच्या खात्यावर जमा कराल.

बगॅस कच्चंच टाकलं असेल तर लिग्निनच्या (तंतूंना चिकटवणाऱ्या कठीण पदार्थाच्या) आवरणातून एन्झाइम आत शिरणार नाही. ते काढायला 2 टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, बगॅसच्या एका भागाला दहा भाग, 121 अंशांवर 30 मिनिटं. मग धुवत राहा, पाण्याचा पीएच 7 येईपर्यंत. नंतर भट्टीत वाळवू नका. तंतूंमधली छिद्रं मिटतात आणि पुन्हा पुरती उघडत नाहीत. ओलंच फ्रीजमध्ये ठेवा, ओलाव्यासाठी वेगळा चिमूटभर नमुना वाळवा.

साखर तयार होऊन गायबही होते : गाळणीतून निसटलेले जिवाणू ती खातात. 0.22 मायक्रॉनची गाळणी वापरा, 0.02 टक्के सोडियम अझाइड घाला. ते विषारी आहे, आम्लाजवळ नेऊ नका. पण जो द्रव पुढे इथेनॉलसाठी यीस्टला द्यायचा, त्यात अझाइड चालणार नाही.

आणखी एक अडसर सेलोबायोजचा, म्हणजे ग्लुकोजच्या जोडीचा. ते साचलं की एन्झाइम मंदावतं. ते फोडणारं बीटा-ग्लुकोसिडेज बरेच जिवाणू पेशीच्या आतच ठेवतात, त्यामुळे विकतचं थोडं घालून पाहा. एवढ्याने आकडा वर आला, तर कमतरता तिथेच होती.

हिशोबासाठी : 1 ग्रॅम सेल्युलोजपासून जास्तीत जास्त 1.11 ग्रॅम ग्लुकोज, आणि त्यातून 0.57 ग्रॅम इथेनॉल.