दारू न पिता पॅन्क्रियाटायटिस कसा होतो?

तुम्ही विचारलंय की सासऱ्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही तरी पॅन्क्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाला सूज कशी आली आणि रक्तात लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) १८०० आलंय म्हणजे केस हाताबाहेर गेलीये का. मी डॉक्टर नाही, पण माझ्या आईला हेच झालं होतं म्हणून लिहितेय.

आधी दारूचा विषय डोक्यातून काढा. भेटायला येणारे हळूच विचारणारच "घेत होते का हो", मनाला लावून घेऊ नका. दारू मोठं कारण आहेच पण पित्ताशयातले खडे पण तेवढंच मोठं कारण आहे. स्वादुपिंड जठराच्या मागे असतं, त्याचा पाचक रस आणि पित्त बहुतेकांत एकाच तोंडाने आतड्यात उतरतात, तिथे खडा अडकला की रस तुंबतो आणि जो रस आतड्यात गेल्यावर कामाला लागायला हवा तो आतच कामाला लागतो, म्हणजे अन्नाऐवजी स्वादुपिंडच पचवायला लागतो. आईचे खडे नंतर बाटलीत दिले आम्हाला, मोहरीएवढे होते, असे बारीकच जास्त घसरतात.

त्या रात्री आई उशी पोटाशी आवळून पुढे वाकून बसली होती, आडवं झालं की कळ थेट पाठीत जायची, उलट्या थांबत नव्हत्या आणि आम्ही सकाळपर्यंत ऍसिडिटीच्या गोळ्या देत राहिलो, ते अजून सलतं मला. तुम्ही वेळेत नेलंत ते फार बरं केलंत.

लायपेज नॉर्मलच्या ३ पट वर गेलं की निदानाला मदत होते, पण आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असं अजिबात नाही. आईचं २४०० होतं आणि ती आठवड्यात घरी आली. बहुतेक केसेस सलाईन आणि दुखण्याच्या औषधावरच बऱ्या होतात. तुम्ही डॉक्टरांना हे विचारा, लघवी नीट होतेय का, ऑक्सिजन किती, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढतंय का, कारण खरा धोका तिकडून कळतो. उलट्या थांबून भूक लागली की हल्ली लवकर हलकं खायला देतात.

सोनोग्राफीत खडे दिसले नाहीत तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि कॅल्शियम बघायला सांगा, ट्रायग्लिसराइड १०००च्या वर गेलं तरी हे होतं. आणि खडे निघाले, ऍटॅक सौम्य असला तर पित्ताशय याच ऍडमिशनमध्ये काढता येईल का विचारा. आम्हाला "बरं वाटलं की बघू" म्हणून घरी पाठवलं आणि महिन्याच्या आत आई परत तशीच उशी धरून बसली होती.