माहितीपत्रक ठेव, वेळापत्रक माग

प्रिय मुली,

तुझा मेल दोनदा वाचला. दोन्ही आंतरराष्ट्रीय शाळांनी प्रवेश देऊ केलाय, दोन्हींच्या पत्रकात ‘जागतिक नागरिक’ आहे, दोन्हीकडे झेंड्यांचे फोटो आहेत, आणि तू विचारतेस की यातली खरी बहुसांस्कृतिक कोणती. पत्रकं ठेवून दे. शाळेचं तत्त्वज्ञान तिच्या वेळापत्रकात असतं. अकरावीचं, तासांसकट छापलेलं आठवड्याचं वेळापत्रक मागून घे. देत नसतील तर उत्तर मिळालंच.

मुळात हे आंतरराष्ट्रीय शिक्षण भाषणांतून नाही, अडचणीतून निघालं. १९२४ मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयातल्या लोकांच्या मुलांसाठी इंटरनॅशनल स्कूल सुरू झाली. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या अशा मुलांचा दाखला कुठल्या विद्यापीठाने मानायचा, हा प्रश्न पुढे सुटेना, म्हणून १९६८ मध्ये तिथेच आयबीची, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या देशोदेशी चालणाऱ्या अभ्यासक्रमाची, संस्था उभी राहिली. दुसरा धागा जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांचा. शीतयुद्धाच्या काळात, १९६२ साली, वेल्सच्या किनाऱ्यावर अटलांटिक कॉलेज सुरू झालं, ते वेगवेगळ्या देशांतली मुलं एकत्र राहावीत म्हणून. तिथली मुलं समुद्रात बचावबोटी चालवायची. सेवा हे मूल्य भिंतीवर लिहिलं नव्हतं, आठवड्याच्या कामात होतं. पुन्हा तेच, वेळापत्रक! त्याच परिवारातलं यूडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) महिंद्रा कॉलेज १९९७ पासून आपल्या मुळशीत आहे. तिथे मुलं प्रामुख्याने आपापल्या देशातल्या राष्ट्रीय समित्यांमार्फत निवडून येतात आणि गरजेप्रमाणे शिष्यवृत्ती मिळते. फक्त फी परवडणाऱ्यांच्या शाळेत बरेचदा पासपोर्ट दहा रंगांचे असतात आणि घरं एकाच थरातली. शिष्यवृत्तीवर किती मुलं आहेत, हे दोन्ही शाळांना तोंडावर विचार. लाजू नकोस.

आता कॅल्क्युलेटर घे. आयबी डिप्लोमात सहा विषय, त्यातले तीन हायर लेव्हल, प्रत्येकी २४० तास. तीन स्टँडर्ड लेव्हल, प्रत्येकी १५० तास. थिअरी ऑफ नॉलेज (टीओके), म्हणजे ‘आपल्याला जे कळतं ते कसं कळतं’ याचा विषय, त्याचे १००. दोन वर्षांत शिकवायला मिळणारे आठवडे साधारण साठ धर, कारण दुसऱ्या वर्षी सराव परीक्षा बरंच खाऊन टाकतात. म्हणजे हायरला आठवड्याला चार तास, स्टँडर्डला अडीच, टीओकेला दीड तासाहून थोडं जास्त. टीओके शनिवारच्या असेंब्लीत ‘बसवलंय’ असं कळलं तर सावध हो. टीओके किंवा चार हजार शब्दांचा एक्स्टेंडेड एसे, यांत ई श्रेणी आली तर एकूण गुण कितीही असोत, डिप्लोमा मिळत नाही.

कॅसचंही तसंच. कॅस म्हणजे सर्जन, शारीरिक कृती आणि सेवा, तीही सलग अठरा महिने, आणि किमान महिनाभर चालणारा एक गटप्रकल्प. त्याला गुण नाहीत, पण तो अपुरा राहिला तर डिप्लोमाही नाही. बिघडतं कुठे? एका रविवारी वस्तीत दप्तरं वाटून फोटो काढले की सेवा झाली, इथे. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांना विचारून ते ठरलंय का, आणि आठवड्याच्या मधल्या एका दुपारी त्याला पक्की वेळ आहे का, एवढं बघ.

आणि आता तुझ्या त्या वाक्याकडे येते: ‘मराठी सोडून देते, घरी बोलतेच की.’ वाचून राग आला. जी शाळा तुला तुझी भाषा दाराबाहेर ठेवून आत यायला सांगते, तिथे कसली आलीय बहुसांस्कृतिकता? शाळेत मराठीचा शिक्षक नसला तरी आयबीत मातृभाषेतलं साहित्य स्वाध्यायाने घेता येतं. फक्त स्टँडर्ड लेव्हलला. नेहमीच्या यादीत नसलेल्या भाषेसाठी विशेष विनंती बरीच आधी पाठवावी लागते, म्हणून समन्वयकाला आत्ताच विचार, जूनमध्ये नाही. इंग्रजी आणि मराठी दोन्ही लँग्वेज ए, म्हणजे मातृभाषेच्या पातळीवरचा भाषाविषय, म्हणून घेतल्यास आणि दोन्हींत किमान तीन गुण आले तर द्विभाषिक डिप्लोमा मिळतो.

यात खरी मेहनत पुस्तकं निवडण्याची. एकूण नऊ कृती. किमान चार मूळ मराठीतल्या, किमान तीन अनुवादित आणि त्याही मराठीतच वाचायच्या. तीन साहित्यप्रकार, तीन कालखंड, तीन देश-प्रदेश, दोन खंड. अडतं ते अनुवादांपाशी. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्टचे बंगाली-कन्नड अनुवाद सहज सापडतील, पण त्यांनी तू आशियातच राहतेस. दुसऱ्या खंडातली एक तरी कृती चांगल्या मराठीत मिळवावीच लागते. आणि स्वाध्याय म्हणजे रात्री अकरानंतर वसतिगृहात करायची गोष्ट नव्हे. त्याला वेळापत्रकात तास आणि देखरेखीला माणूस हवा. समन्वयक ‘अ‍ॅडजस्ट करू’ म्हणाले तर तो तास कधीच येत नाही. याबाबतीत मला हट्टी म्हणतात. म्हणोत. मी हट्ट सोडला की पहिला मराठीचाच तास जातो, हे इतक्यांदा झालंय की आता मवाळ होण्यात मला अर्थ दिसत नाही.

आईच्या मेडिकलच्या प्रश्नाचं थोडक्यात. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज आयबी डिप्लोमाला बारावीशी समकक्ष मानते, पण विषय जुळायला हवेत: भौतिक, रसायन, जीवशास्त्र. नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी असते, म्हणजे आयबीच्या परीक्षांच्या ऐन मध्यात, आणि दोन्हींचे अभ्यासक्रम वेगळे. आयबीचा निकाल जुलैच्या सुरुवातीला. दोन्ही एकदम जमवणारी मुलं असतात, पण त्यांचं ते आधीच ठरलेलं असतं. तुझं ठरलेलं नाही, तेव्हा आईला ‘बघू’ म्हणून टोलवू नकोस, बसून बोल. इंजिनिअरिंगचा विचार असेल तर आयबीच्या गणितातला ‘अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’ हाच पर्याय घे.

दोन्ही वेळापत्रकं आली की फोटो काढून पाठव. मोबदल्यात मी तुझ्या तासांचा हिशेब करून देते. आणि नऊ पुस्तकांची कच्ची यादी रविवारपर्यंत. तिच्यात कवितासंग्रह नसेल तर परत पाठवीन.