कढीपत्त्यावरच्या अळीला शिंगं फुटली, ती कशाला?

प्रश्न : आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे, त्यावर पक्ष्याची विष्ठा पडलीय असं वाटलं म्हणून पुसायला गेले तर ती हलली! आता एक मोठी हिरवी अळीपण आहे, तिला काडी लावली की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते आणि काहीतरी उग्र वास येतो. आणि एक छोटी कालपासून हललीच नाहीये, मेली का? सासूबाई म्हणतात औषध मारून टाक, काय करू?

उत्तर : ताई, आधी औषध बाजूला ठेवा, ती पानं तुम्हीच फोडणीत घालणार आहात ना! ही लिंबाच्या फुलपाखराची नाहीतर कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराची अळी असणार, दोघींनाही कढीपत्ता आवडतो. विष्ठेसारखी आणि हिरवी या वेगळ्या अळ्या नाहीत, लहानपणी काळपट-पांढरी दिसते म्हणून पक्षी तिला खायचं सोडून देतात, आणि चौथ्यांदा कात टाकली की हिरवी होते, पानात मिसळून जाते. शिंगं म्हणजे खरी शिंगं नव्हेत, मऊ, दोन फाट्यांचा अवयव आहे, एरवी आत दडलेला असतो, मुंग्या वगैरे अंगावर आल्या की बाहेर काढून वासाने त्यांना पळवते. तिला घाबरवून बघायची हौस एकदाच पुरे, प्लीज.

न हलणारी मेलेली नाही हो, बहुतेक कात टाकायच्या तयारीत आहे. पानावर रेशमाची बारीक चटई विणून तिला घट्ट धरून ती एखाद दिवस तशीच बसते. भिंग असेल तर बघा, जुन्या डोक्याच्या मागे नवं डोकं फुगलेलं दिसेल. मग कात सुटते आणि बऱ्याचदा ती तीच खाऊन टाकते, मला हे बघायला फार आवडतं! या वेळी ओढून काढू नका, हलवायचीच असेल तर पानासकट कापून दुसऱ्या फांदीवर ठेवा.

झाडाची काळजी नको, खाल्लेल्या फांद्यांना पुन्हा पालवी येते. हिरवी अळी अचानक खायची थांबली, पातळ शी केली आणि कुंडी सोडून चालायला लागली तर समजा आता कोष करणार. शेपटाकडून चिकटून कमरेला धाग्याचा पट्टा बांधून बसते, साधारण 10 दिवसांनी फुलपाखरू, थंडीत जास्तही लागतात. कोषाला गोल भोक दिसलं आणि फुलपाखरू नाही, तर आतल्या जिवाला गांधीलमाशीच्या जातीतल्या बारीक माशीने खाल्लेलं असतं, वाईट वाटतं पण हेही चालतं.

आणि हो, त्या दिवसांत गॅलरीची रेलिंग पुसताना आधी नीट बघून मग फडकं मारा.