माझ्याकडे क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आहे; खान्देशात विमानांचे फोटो काढायला १५०-६०० मिमीची लेन्स घ्यावी का, आणि उभं कुठे राहावं?

घेऊ नका. तुमच्याकडे क्रॉप बॉडी आहे असं तुम्हीच लिहिलंय, तिच्यावर ५५-२५० किंवा ७०-३०० पुरते. जळगावला येणारं एटीआर ७२ हे पंख्याचं प्रवासी विमान २७ मीटर लांब. ३०० मीटरवरून २६० मिमीला ते फ्रेम या कडेपासून त्या कडेपर्यंत भरतं. शेपूट कापलं जाऊ नये म्हणून तुम्ही २००लाच थांबाल. ६०० मिमीला एवढीच फ्रेम भरते ७०० मीटरवर, आणि वैशाखात आपल्या काळ्या रानावरून इतक्या लांबचं काहीच स्वच्छ निघत नाही. तापलेल्या मातीवरची हवा हलते, खिडक्यांची रांग वाकडीतिकडी दिसते. महागड्या काचेनं हे सुधारत नाही, शटरचा वेग वाढवूनही नाही. अंतर कमी करा नाहीतर सकाळी आठच्या आत काम उरका. नांगरून टाकलेलं रान सगळ्यात वाईट, पाणी दिलेल्या पिकावर झळा कमी.

पण लेन्सपेक्षा मोठा घोळ शटरचा, म्हणजे ते किती वेळ उघडं ठेवायचं याचा होतो. ‘१/२००० सेकंद ठेवा, शार्प येईल’ हा सल्ला जेटसाठी ठीक आहे. आपल्याकडे जळगावला एटीआर, धुळ्याच्या गोंदूरला आणि शिरपूरला शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं. म्हणजे सगळी पंख्याचीच. टेकऑफला एटीआरचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो, सेकंदाला २०. पाती सहा, दोन पात्यांत ६० अंश. १/१००० ला पातं जेमतेम ७ अंश सरकतं आणि विमान हवेत बंद पडल्यासारखं दिसतं. १/२५० ला २९ अंश, १/१२५ ला ५८, म्हणजे जवळपास पूर्ण चकती. सेसना १७२ ला पाती दोनच. उतरताना फेरे १५०० धरले तर १/१२५ ला ७२ अंश, १/६० ला १५०. गोठलेल्या पंख्याच्या फोटोला ‘काय शार्प आलाय’ म्हणून वाहवा मिळते, ते मला कधीच पटलेलं नाही आणि पटणारही नाही. तोच फोटो वैमानिकाला दाखवा, त्याची नजर आधी पंख्यावर जाईल.

१/२५० पासून सुरू करा, हात बसला की १/१२५. पाय विमान जिथे टिपायचं तिकडे रोवा आणि विमान येतंय त्या बाजूला कमरेतून वळून त्याला फ्रेममध्ये घ्या. उलटं केलंत तर ऐन क्षणी कंबर अडते. बटण दाबल्यावरही वळणं थांबवू नका. लेन्सच्या स्टॅबिलायझेशनला (हाताची थरथर सावरणारी सोय) पॅनिंगचा, म्हणजे असं विमानासोबत वळत टिपण्याचा मोड असेल तर तो लावा. भर उन्हात आयएसओ १०० आणि १/१२५ ला अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१६ इतकं बारीक होतं, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी उठते, आणि धूळ आपल्याकडे कमी नाही. एनडी४, म्हणजे उजेड कमी करणारा फिल्टर लावला की एफ/८ मिळतं. ५५-२५० ला हा फिल्टर ५८ मिमीचा, स्वस्त. १५०-६०० ला ९५ मिमीचा. वर त्या लेन्सचं दोन किलो वजन घेऊन सलग पॅनिंग करून बघा.

जागेचं म्हणाल तर धावपट्टीजवळचा वाऱ्याचा मोजा (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघा. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. उन्हाळ्या-पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे पूर्वेकडून येण्याची शक्यता जास्त. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला, तेव्हा धावपट्टीच्या दक्षिणेला उभे राहा. मे-जूनच्या दुपारी सूर्य डोक्यावर, आणि काळी माती उजेड परतवत नाही, त्यामुळे विमानाचं पोट काळंच येतं. टेकण्याच्या जागेपासून किलोमीटरभर अलीकडे विमान साधारण ५० मीटर उंचीवर असतं. केळीचा मळा आडवा येतो, कपाशीचं शेत बरं; पण मालकाला विचारून बांधावरच थांबा.

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी घेणार असाल तर वरच्या लेन्सच्या फोकल लेंथच्या (मिमीच्या) आकड्यांना दीडनं गुणा, मग १००-४०० चा विचार रास्त आहे. कंपाउंडच्या भिंतीवर चढायचं नाही, ड्रोन न्यायचा नाही, सुरक्षारक्षकानं हटकलं तर वाद न घालता निघायचं.