एकाच इंजिनचं छोटं विमान हवेत बंद पडलं तर सरळ खाली कोसळतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा पुढच्या महिन्यात पायलट ट्रेनिंगला चाललाय, विमानाला एकच इंजिन असतं हे कळल्यापासून तुमची झोप उडालीये, ते बंद पडलं तर काय. माझ्या आईनेपण मला हेच विचारलं होतं, त्यामुळे नीट सांगतो.

कोसळत नाही. इंजिन विमानाला फक्त पुढे ओढतं, वर धरतात ते पंख, आणि पंखांवरून पुरेसा वारा वाहत राहिला की ते आपलं काम करत राहतात. इंजिन गेलं की तो वारा उंची खर्चून मिळवायचा, घाट उतरताना सायकलला पायडल मारावं लागत नाही तसंच. मी सेसना १५२ आणि १७२ या ट्रेनिंगच्या छोट्या विमानांवर शिकवतो. १७२ इंजिनशिवाय हजार फुटांत अडीच-पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं, म्हणजे जमिनीपासून तीन हजार फुटांवर असाल तर वारा फार आडवा आला नाही तर आठेक किलोमीटर आणि हातात साधारण चार मिनिटं. चार मिनिटं ऐकायला कमी वाटतात पण डोकं जाग्यावर असेल तर भरपूर काम होतं.

अट एकच, स्पीड सोडायचा नाही. १७२ ला साधारण ६५ नॉट्स, १५२ ला ६० (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर). इंजिन गप्प झालं की माणसाचा हात आपोआप कंट्रोल मागे ओढतो, कारण जमीन जवळ येतेय असं वाटतं, आणि तिथेच घात होतो, नाक वर गेलं की स्पीड मरतो, पंख वारा सोडतात, त्याला स्टॉल म्हणतात, आणि कमी उंचीवर स्टॉल झाला तर सावरायला जागाच उरत नाही. म्हणून पहिलं काम नाक खाली, मग उतरायला मोकळं रान शोधायचं, मग रान हातात ठेवून इंजिन परत चालू होतंय का बघायचं (फ्युएल, मिक्श्चर म्हणजे हवा-फ्युएलचं प्रमाण, कार्ब हीट म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब, आणि ठिणगी देणारे मॅग्नेटो), आणि रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाची हाक, सगळ्यात शेवटी. रेडिओवरचा माणूस विमान उडवत नाही, आपण उडवतो.

आता रान. आमच्या भागात खाली नजर जाईल तिथे ऊस. वरून तो हिरव्या गादीसारखा दिसतो आणि नवीन पोरं हमखास तोच दाखवतात, पण माणसाच्या डोक्यावरून जाणारा ऊस चाकांना धरला की विमान उलटं होतं. त्यापेक्षा काढणी झालेलं ज्वारी-बाजरीचं रान घ्यायचं, धसकटं असली तरी चालतात. नांगरलेलं असेल तर तासाच्या दिशेने उतरायचं, आडवं अजिबात नाही. बांध बघायचा, विहीर बघायची. विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत म्हणून खांब शोधायचे आणि दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरून चालायचं. पावसाळ्यात काळी जमीन चाक गिळते, तिथे पुढचं चाक जितका वेळ वर धरता येईल तितकं धरायचं. वारा कुठून येतोय ते पाचट पेटवलेल्या धुरावरून कळतं, नाहीतर शेततळ्यावरून, ज्या काठाला पाणी शांत असतं वारा त्या बाजूने येत असतो. वाऱ्याला सामोरं जाऊन उतरणं किती महत्त्वाचं आहे बघा, ४५ नॉट्सने टेकताना समोरून १० नॉट्स वारा असेल तर जमिनीवरचा वेग ३५, पाठीमागून असेल तर ५५, आणि धक्क्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ अडीच पट.

रस्ता दिसला की मोह होतो. पण रस्त्याकडेला तारा असतात, एसटी असते, बाइकवर घरचे चार जण असतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालमध्ये कोश्ता दा कापारिकाच्या बीचवर एक सेसना १५२ असंच उतरवलं होतं, विमानातले दोघं वाचले आणि वाळूत असलेला एक माणूस आणि एक लहान मुलगी गेली. ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो. आपला जीव वाचवताना खालचा माणूस विसरायचा नाही.

टेकऑफनंतर लगेच, समजा चारशे फुटांवर इंजिन गेलं तर परत धावपट्टीकडे वळायचं नाही, समोर थोडं डावं-उजवं जे मिळेल तिथे उतरायचं. वळताना विमान तिरकं करावं लागतं आणि ४५ अंश तिरकं केलं की स्टॉलचा स्पीडच जवळपास १९ टक्के वाढतो, तेही उंची नसताना. विमान मोडलं तर मोडू दे, ते विम्याचं काम.

माझं स्वतःचं सांगतो. शिकत होतो तेव्हा, सप्टेंबर, दमट हवा, १५२ मध्ये मी आणि सर. आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, २३०० वरून हळूहळू २०५० ला आला, मला वाटलं थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करायचा नॉब) सरकला असेल. सर म्हणाले कार्ब हीट ओढ. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना इतकं गार होतं की बाहेर वीस-पंचवीस डिग्री असतानाही आत बर्फ धरतो. मी नॉब ओढला आणि इंजिन आणखीच खोकायला लागलं, सगळं पॅनल थरथरत होतं, कारण वितळलेलं पाणी इंजिनमधून जात होतं. माझा हात नॉब परत आत ढकलायला निघाला आणि सरांनी आपला तळवा माझ्या हातावर ठेवला, थांब म्हणाले. दहा-पंधरा सेकंद असतील, मला तास वाटला, मग आवाज एकदम सुरळीत. तेव्हा सरांनी विचारलं, नसतं झालं चालू तर कुठे उतरणार होतास? मी रान बघितलंच नव्हतं. त्यांनी बघून ठेवलं होतं, बोट दाखवलं. त्या दिवसापासून मी उडताना सतत खाली एक रान धरून असतो.

विमान मोडलं तरी माणूस वाचतो याचं जवळचं उदाहरण सांगतो. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून निघालेलं एक ट्रेनिंगचं सेसना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात पडलं, ट्रेनी एकटी होती, विमानाचं बरंच नुकसान झालं आणि ती किरकोळ दुखापतीवर वाचली.

तुमच्या मुलाला दोन सवयी पहिल्या दिवसापासून लागू देत. टाकीत काठी घालून फ्युएल स्वतः मोजायचं, गेजवर विसंबायचं नाही. आणि रोज टाकीच्या तळातून छोट्या कपात फ्युएल काढून उजेडात धरायचं, ते निळसर असतं, पाणी असेल तर खाली वेगळं बसलेलं दिसतं, पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून शिरतं ते.

पहिल्या सोलोआधी, म्हणजे एकट्याने उडण्याआधी, इन्स्ट्रक्टर न सांगता थ्रॉटल मागे ओढून "तुझं इंजिन गेलं" हे त्याच्याशी कितीतरी वेळा करेल. घरी फोन आला की जेवलास का विचारून झाल्यावर विचारा, आज सरांनी इंजिन ओढलं का, आणि तू कुठलं रान धरलंस. त्याने पटकन सांगितलं, खांब कुठे होते, वारा कुठून होता, तर त्या रात्री निवांत झोपा.