सौदी अरेबियाकडे एवढं तेल असताना त्यांना ऊर्जा धोरण कशाला हवं? आणि ते आखायचं तर सुरुवात कुठून करायची?

सुरुवात घरातल्या विजेच्या मीटरपासून करायची. तेलविहिरींचा नंबर बराच नंतर लागतो.

असं का, ते एका बॅरलच्या हिशेबावरून कळेल. एका बॅरल कच्च्या तेलात साधारण 1,700 युनिट (1 युनिट म्हणजे 1 किलोवॉट-तास) इतकी उष्णता असते. जुन्या वाफेच्या टर्बाइनवर ते जाळलं तर त्यातली एक तृतीयांशच वीज हाती लागते, म्हणजे सुमारे 560 युनिट. सौदीत 2018 पूर्वी घरगुती विजेचा पहिल्या टप्प्याचा दर 5 हलाला होता. (100 हलाला म्हणजे 1 रियाल, आणि 3.75 रियाल म्हणजे 1 डॉलर. हे गणित 1986 पासून बदललेलं नाही.) 560 युनिटचे झाले 28 रियाल, म्हणजे साडेसात डॉलर. तेच बॅरल 2014 च्या पूर्वार्धात जहाजात चढवलं असतं तर शंभर डॉलरच्या वर पैसे आले असते. गंमत अशी, की वीज केंद्राला ते बॅरल मिळत होतं 4 डॉलरच्या आसपास. त्यामुळे केंद्राच्या वहीत हा तोटा उमटत नव्हता. सरकारी अंदाजपत्रकातही नाही, कारण अनुदान म्हणून कोणी पैसे दिलेच नव्हते. आणि जळत किती होतं? त्या काळात भर उन्हाळ्यात दिवसाला सात ते नऊ लाख बॅरल.

म्हणून कागदावर पहिला तक्ता हवा तो विजेच्या मागणीचा, महिनानिहाय आणि प्रदेशनिहाय. वार्षिक सरासरी इथे फसवते. 2015 मध्ये देशाची कमाल मागणी 62 गिगावॉटवर गेली होती. हिवाळ्यात ती जवळपास निम्म्यावर येते. मधला सगळा फरक एसीचा. शिवाय गॅस पूर्व किनाऱ्याकडे, तर जेद्दा, मक्का आणि यानबू पश्चिमेला. म्हणून राबिघ, शुऐबा अशा पश्चिमेकडच्या केंद्रांत कच्चं तेल आणि फर्नेस ऑइल (रिफायनरीत उरणारं जड तेल) जास्त जळत आलंय.

दुसरं पाऊल एसी. कारखान्याचं उद्घाटन नाही, फीत कापणं नाही, त्यामुळे मंत्र्यांना यात रस कमी असतो. पण हिशेब बघा. दीड टनाचा खिडकीचा एसी तासाला 18,000 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता बाहेर काढतो. त्याचं ईईआर (तासाला एका वॉटमागे किती बीटीयू बाहेर काढतो तो आकडा) 7 असेल तर तो 2,570 वॉट खातो, 11.8 असेल तर 1,525. एका यंत्रामागे एक किलोवॉटचा फरक. असे दहा लाख एसी एकाच वेळी चालू असतील तर एक गिगावॉट, म्हणजे एक मोठं केंद्र बांधायचं वाचलं. सौदीने 2012 पासून ऊर्जा कार्यक्षमतेचा कार्यक्रम हाती घेतला आणि एसीचे किमान निकष कडक केले. यात घोटाळा होतो तो लेबलवर एक आकडा आणि यंत्रात दुसरा असा. म्हणून बंदरावरच नमुने उचलून प्रयोगशाळेत तपासण्याची सोय आधी उभी करावी, निकष नंतर जाहीर करावेत. आपल्याकडच्या स्टार लेबललाही हेच लागू.

तिसरं पाऊल दरवाढ, आणि इथे क्रम चुकला की रस्त्यावर दंगल. आधी लोकांच्या खात्यात रोकड, मग दरवाढ. इराणने डिसेंबर 2010 मध्ये असंच केलं होतं: माणशी महिना 4,55,000 इराणी रियाल. पण ती रक्कम महागाईशी जोडली नाही, त्यामुळे काही वर्षांत तिची किंमत उरली नाही. सौदीने ‘नागरिक खातं’ काढलं, पहिले पैसे 21 डिसेंबर 2017 ला जमा केले आणि 1 जानेवारी 2018 ला 91 ऑक्टेन पेट्रोल 0.75 वरून 1.37 रियालवर नेलं. विजेचा पहिला टप्पा 5 वरून 18 हलालांवर गेला. म्हणजे आपल्या त्या बॅरलचे साडेसातचे 27 डॉलर झाले. तोटा उरलाच, पण निदान दिसू लागला. पुढे जुलै 2021 मध्ये राजाज्ञेने पेट्रोलच्या दरावर मर्यादा घातली: 91 ला 2.18, 95 ला 2.33. डिझेल मात्र दर जानेवारीत चढत राहिलं, 2024 ला 1.15 आणि 2025 ला 1.66. माझ्या मते हे धूर्तपणाचं आहे. पेट्रोलचा दर प्रत्येक घराला टोचतो, डिझेलचा मुख्यतः कंपन्यांना.

आता गॅस. बाहेरच्यांना वाटतं की तेल आहे तिथे गॅस मुबलकच. अडचण अशी, की सौदीचा बराच गॅस तेलासोबतच वर येतो. ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेत उत्पादन कपात ठरली की तेलाबरोबर गॅसही घटतो आणि वीज केंद्रांना पुन्हा कच्चं तेल द्यावं लागतं. म्हणून तेलाशी न बांधलेली गॅस क्षेत्रं लागतात: समुद्रातलं करान 2011 मध्ये सुरू झालं, मग वासित, फाधिली, आणि आता जाफुराचा शेल गॅस (खडकाच्या थरांत अडकलेला गॅस), ज्याचं लक्ष्य 2030 पर्यंत दिवसाला 2 अब्ज घनफूट आहे.

दिवसाला 10 लाख बॅरल द्रव इंधन 2030 पर्यंत हटवायचं, असं उद्दिष्ट त्यांनी ठेवलंय. फक्त सौर ऊर्जेवर हे जमेल का? सूर्यामागे फिरणाऱ्या पॅनेलचा एक गिगावॉट प्रकल्प तिथे वर्षाला 240 कोटी युनिटच्या आसपास देतो. भागिले 560, म्हणजे 43 लाख बॅरल. दिवसाला जेमतेम 12 हजार. दहा लाखांसाठी 85 गिगावॉट लागतील. गॅसवर हेच काम कंबाइन्ड सायकल केंद्रातून (गॅस टर्बाइनच्या उरलेल्या उष्णतेवर वाफ करून पुन्हा वीज काढणारं; कार्यक्षमता 55 ते 58 टक्के) दिवसाला साधारण साडेतीन अब्ज घनफुटांत होतं. एकट्या जाफुरानेही पुरत नाही, एकट्या सूर्यानेही नाही. म्हणूनच 2030 ची वीज निम्मी गॅसची, निम्मी अपारंपरिक, असं त्यांचं सूत्र आहे.

सौर प्रकल्पांच्या बाबतीत कागदी घोडे कसे मरतात तेही तिथेच बघायला मिळतं. 2012 मध्ये 2032 पर्यंत 41 गिगावॉटची घोषणा झाली. 2015 मध्ये मुदत 2040 वर ढकलली. 2018 मध्ये सॉफ्टबँक या जपानी गुंतवणूक कंपनीसोबत 200 गिगावॉटचा करार गाजला आणि विरला. पैसा होता, ऊन होतं, जमीन होती. नव्हतं ते इतकंच: वीज विकत घेणारा एक ठरलेला ग्राहक आणि 25 वर्षांचा करार. तो मिळाल्यावर सकाकाचा 300 मेगावॉट प्रकल्प 2018 मध्ये युनिटला 2.34 सेंट दराने गेला, आणि 2021 मध्ये शुऐबाच्या सौर प्रकल्पाचा दर 1.04 सेंटवर आला.

वाळवंटात पॅनेलला ऊन भरपूर, पण ताप आणि धूळ दोन्ही नडतात. पॅनेलचा पृष्ठभाग 65 अंशांवर जातो. 25 च्या वर दर अंशाला 0.35 ते 0.4 टक्के उत्पादन घटतं, म्हणजे भर दुपारी 14 ते 16 टक्के गायब. पाण्याने धुणं परवडत नाही, म्हणून रात्री कोरडे ब्रश फिरवणारे रोबो लागतात. निविदेत त्यांची अट नसेल तर ठेकेदार तेच आधी गाळतो. शिवाय सूर्य मावळल्यावरही तापमान 38 अंश असतं आणि एसी बंद होत नाहीत. त्यासाठी बॅटरी: बिशाला 500 मेगावॉट, चार तासांची बसवली आहे.

पाण्याचं गणित बहुतेक आराखड्यांत राहूनच जातं. समुद्राचं पाणी उकळून गोडं करणारे जुने प्रकल्प वीज केंद्राच्या वाफेवर चालतात. जानेवारीत विजेची मागणी पडते, पाण्याची पडत नाही. म्हणजे गरज नसताना केंद्र पेटतं ठेवावं लागतं, आणि दुपारच्या स्वस्त सौर विजेला जागाच राहत नाही. आरओला (दाबाने पडद्यातून गाळून पाणी गोडं करणाऱ्या पद्धतीला) घनमीटरला तीन-साडेतीन युनिट पुरतात आणि तो दुपारी जोरात चालवता येतो. तेव्हा आधी आरओ, मग सौर. हा क्रम उलटा केला तर पॅनेल चकाकत राहतात आणि धुराडंही.

निर्यातीची बाजू थोडक्यात. सगळं तेल होर्मुझच्या सामुद्रधुनीवर अवलंबून नको, म्हणून पूर्वेच्या अबकैक या तेल प्रक्रिया केंद्रापासून पश्चिमेच्या यानबू बंदरापर्यंतची ही सुमारे 1,200 किलोमीटरची वाहिनी. एकाच ठिकाणी सगळं नको, हे सप्टेंबर 2019 च्या अबकैक हल्ल्याने शिकवलं; दिवसाला 57 लाख बॅरलचं उत्पादन थांबलं होतं. आणि गिऱ्हाईक बांधून ठेवणं: 2018 मध्ये सौदीची सरकारी तेल कंपनी अराम्को रत्नागिरीच्या रिफायनरीत यायला तयार झाली ती याच हिशेबाने, वर्षानुवर्षं आपलं तेल खपायची जागा म्हणून. नाणारच्या आंब्या-काजूच्या बागा त्यांच्या तक्त्यात नव्हत्या. 2019 मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं.

हे सगळं खरंच चाललंय का, हे तुम्हाला घरबसल्या तपासता येतं. ‘जोडी’ (JODI) या तेलाच्या आंतरराष्ट्रीय आकडेवारीत सौदीच्या कच्च्या तेलाच्या थेट वापराचा रकाना असतो. जुलैच्या आकड्यातून फेब्रुवारीचा वजा करा आणि दरवर्षी तो फरक लिहून ठेवा. शेजारी फर्नेस ऑइलचा रकानाही घ्या, कारण 2022 नंतर त्यांनी स्वस्त रशियन फर्नेस ऑइल आणून जाळलं. पहिला आकडा उतरला आणि दुसरा तेवढाच चढला, तर फक्त टाकी बदलली असं समजा.